माथा नसलेला कागद

१९६९ च्या सप्टेंबरात गोदावरी सराफ बाजारात चढली तेव्हा मी सात वर्षांची होते. पूर मोजायची नाशिककरांची पट्टी एकच, दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, यावरून दुकाने किती आवरायची ते ठरते. त्या दिवशी मारुती दिसेनासाच झाला. आमचा वाडा बाजारामागच्या बोळात. आजीने देव उचलले, आईने दादाचा आणि माझा हात धरला, आणि आप्पा, म्हणजे आजोबा, कागदांच्या पेटीकडे वळले तोवर माजघरात मांडीएवढे पाणी होते.

ओसरल्यावर आप्पांनी ते कागद गच्चीवर वाळत घातले. एकेका कागदावर एकेक खडा. सगळ्या वाड्याला गाळाचा वास येत होता आणि वर हे पिवळे चौकोन उन्हात हळूहळू आकसत होते. त्यातल्या एका कागदाचा वरचा भाग, चार बोटे रुंदीचा, उचलताना लगदा होऊन आप्पांच्या हातात आला. तो लगदा तळहातावर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. कुणी वारल्यासारखे त्यांचे तोंड झाले होते, एवढे मला आठवते.

तो कागद म्हणजे आमच्या घराची सनद. दसऱ्याला शस्त्रे नसलेल्या आमच्या घरात पाटीवरच्या सरस्वतीशेजारी तो पुजला जाई. शके १७०४ मध्ये, म्हणजे १७८२ साली, गंगापूरच्या मुक्कामी गोपिकाबाईंनी आमच्या पूर्वजांची विद्वत्ता पाहून त्यांना सालाना चाळीस रुपये वर्षासन करून दिले, असे आप्पा सांगत. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या आई. उतारवयात त्या नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या आणि १७८८ मध्ये इकडेच वारल्या. हा इतिहास खराच आहे. त्या इतिहासाला आमचे घर एका कागदाने बांधलेले होते. वडील, म्हणजे अण्णा, शाळेत संस्कृत शिकवत. परीक्षेत कमी गुण पडले की ते ओरडत नसत. त्या कागदाकडे नुसते बघत.

घरात मोडी फक्त आप्पांना येत होती. ते गेले आणि कागद मुका झाला.

निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले. या लिपीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबकळत सोडतात, हात न उचलता, एकातून दुसरे. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. पहिले काही महिने ओळ म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. मग एक दिवस त्या रांगेतून ‘वेदशास्त्रसंपन्न’ हा शब्द उभा राहिला आणि मला रडू आले. आप्पा सांगत होते ते सगळे तिथे होते. गंगापूर होते, चाळीस रुपये होते, पूर्वजांचे नाव होते. शक होता आणि संवत्सरही: शुभकृत.

शिकवणाऱ्या सरांनी एक साधा हिशेब दिला होता. शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचे, बाकी उरेल तितकावा संवत्सर. १७०४ आणि १२ मिळून १७१६. साठाने भागून बाकी ३६. प्रभव, विभव, शुक्ल असे मोजत गेले तर छत्तिसावा संवत्सर शुभकृतच येतो. अलीकडे शके १९४४ च्या पंचांगावर हेच नाव छापलेले होते. मध्ये साठांची चार आवर्तने होऊन गेली आणि मेळ तरी बसतोच. त्या रात्री मी दादाला पुण्याला फोन करून सांगितले की आपला कागद पक्का आहे.

आठ दिवसांनी सकाळी मी तो फोटो काढायला खिडकीशी धरला. ऊन आरपार आले आणि कागदाच्या पोटातून इंग्रजी अक्षरे उजळली. विलायती कागदात कारखानदाराचे नाव आणि साल असे जलचिन्ह घालत. ते उजेडाशिवाय दिसत नाही. साल होते १८४६.

गोपिकाबाईंना जाऊन अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर तो कागद विलायतेत कुठेतरी तयार झाला होता.

*

‘अस्सल’ हा शब्द आपण आता तुपाला, हापूसला आणि शिवीलासुद्धा लावतो. दप्तरात त्याला नेमका अर्थ होता. मूळ कागद तो अस्सल. त्याची उतरलेली प्रत ती नक्कल किंवा तालीक. शिवकाळातल्या किती तरी आज्ञापत्रांच्या शेवटी ठरलेली सूचना असे की या पत्राची तालीक ठेवून घ्यावी आणि अस्सल धन्याला परत द्यावे. म्हणजे कचेऱ्या नकलांनीच भरलेल्या असत आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नसे. नक्कल खोटी नसते. तिच्या माथ्यावर ‘नक्कल’ असे लिहिलेले असते, तेवढाच तिचा प्रामाणिकपणा आणि तेवढाच पुरेसा.

आमच्या कागदाचा माथा गोदावरीने नेला आहे.

त्या चार बोटांत काय होते? ‘नक्कल’ हा शब्द असेल तर आमच्या कुणा पूर्वजाने खऱ्या सनदेची प्रत जपून ठेवली, इतकेच. तिथे नुसते ‘श्री’ असेल आणि ही सनद म्हणूनच कुणापुढे मांडली गेली असेल, तर तो बनाव. हिशेब तर बरोबर आहे. पण बनाव करणाऱ्यालाही बारा मिळवता येतात आणि साठाने भागता येते.

१८४६ नंतर कुणाला असा कागद लागला असेल, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८५२ च्या कायद्याने कंपनी सरकारने इनाम कमिशनला बळ दिले आणि दख्खनभर घरोघरी एकच प्रश्न गेला: कागद दाखवा. पेशवाई बुडून चौतीस वर्षे झालेली. कुठे वाळवी, कुठे आग, कुठे भावांच्या वाटण्यांत फाटलेले रुमाल. कागद असेल तर इनाम, नसेल तर जप्ती. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुखांनीही या खात्यात काम केले. अशा काळात घरातल्या जीर्ण सनदेची नवी प्रत करून ठेवणे हा शहाणपणा होता, आणि नसलेली सनद तयार करणे हाही मोह होता. कचेरीत एका माणसाला दोन्ही तपासावे लागत. कागद कुठला, जुन्नरी की दौलताबादी की विलायती. शाई कशी, शिक्का कुठे उमटला, मोर्तब आहे का, वळण कुठल्या काळाचे. तिथीला तो वार येतो का. यातली एक गोष्ट चुकली म्हणजे सगळे खोटे असे नाही. पण एक गोष्ट अशक्य निघाली की मग बाकीच्या दहा बरोबर असून भागत नाही. १७८२ सालच्या हाताखाली १८४६ चा कागद असणे ही अशक्य गोष्ट आहे.

दादाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “अण्णांना कळलं असतं तर?”

*

त्या दिवसांत मी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पुस्तकांपाशी गेले. दुःखात माणूस आपल्याहून मोठे दुःख असलेल्याच्या दारी जातो, तशी. राजवाड्यांच्या आयुष्यात असा एक कागद आहे की ज्याचा माथाच काय, काहीच उरले नाही.

बीडजवळच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे, ज्ञानदेवांच्या मूळ बोलीच्या अगदी जवळची आहे, असा त्यांचा निर्वाळा. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. ते व्याकरण वाचताना आजही छाती भरून येते. एकेका प्रत्ययाचा माग काढत तो माणूस सहाशे वर्षे मागे चालत गेला आहे.

या पोथीचे मोल कळायला एकनाथांकडे यावे लागते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढची तीनशे वर्षे ती हातोहात उतरली गेली, आणि उतरणाऱ्यांचे शब्द तिच्यात मिसळत गेले. शके १५०६ मध्ये पैठणात एकनाथांनी अनेक प्रती ताडून तिची शुद्ध प्रत केली. त्यांनी साल नोंदवले, संवत्सरही नोंदवला, तारण. मी हिशेब करून पाहिला: १५०६ आणि १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच. चारशे वर्षांपलीकडून कुणीतरी आपल्या हातात तपासायचे साधन ठेवून गेले आहे, ही भावना मी कशी सांगू? त्यांनी एक ताकीदही दिली, की या ग्रंथात पुढे कुणी आपली ओवी घुसडेल तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. मराठीतला आपल्याला ठाऊक असलेला पहिला मोठा संपादक संत होता आणि त्याला बनावटीची चीड होती. मला हे फार मोलाचे वाटते.

पण एकनाथांनी शुद्ध करताना नेमके काय गाळले, काय सुधारले, ते आपल्याला कसे कळणार? त्यांच्या आधीची पोथी हाती आली तरच. राजवाडे म्हणत होते, ती माझ्याकडे आहे.

शंका निघाल्या. जुनी रूपे एवढी सरसकट कशी? पोथी खरेच तेवढी जुनी आहे का? की जुने वळण जाणणाऱ्या एखाद्याच्या हातून ती पुढे तयार झाली? प्रश्न रास्त होते, आणि त्यांचे एकच उत्तर होते: पोथी पुढे ठेवणे. ती पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळालीच नाही. लोकांना तिची किंमत नाही म्हणून संतापाच्या भरात राजवाड्यांनी तिचा नाश केला, अशी कथा सांगतात. ती कथाही तपासता येत नाही. उरली ती छापील प्रत आणि एका मोठ्या माणसाचा शब्द. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, शासनाने ज्ञानेश्वरी काढली तीही या राजवाडे प्रतीला धरून. किती तरी घरांत ती आजही श्रद्धेने वाचली जाते आणि अभ्यासक अजून तिच्यापाशी थबकतात.

आता याच माणसाचे दुसरे काम बघा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, बावीस खंड, पहिला १८९८ चा. तरुणपणीच बायको गेली, पुन्हा लग्न केले नाही. हाताने स्वयंपाक करायचा, गावोगाव फिरायचे, माळ्यावरची, तळघरातली, वाण्याच्या पुड्यांना निघालेली दप्तरे सोडवून आणायची. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले ते सापडलेल्या कागदांना घर मिळावे म्हणून. या बावीस खंडांतल्या मतांवर लोक वाटेल तितके भांडले. राजवाड्यांच्या प्रस्तावना वादळी आहेत, कधी कधी साफ चुकलेल्या आहेत. पण पत्रे टिकली. कारण त्या पत्रांवर दुसऱ्या कुणी बोट ठेवू शकत होते. तोच माणूस, तीच नजर, तीच तळमळ. एका कामाला शंभर वर्षांनी पाया आहे आणि दुसरे अधांतरी आहे. माझ्या मते राजवाडे खरेच बोलत होते. त्यांनी बनाव केला असेल असे मला क्षणभरही वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, आणि हे लिहिताना माझा हात जड होतो.

*

२०२३ च्या अखेरीस जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ माझ्याकडे आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन आले. मी वाचून दाखवला. त्यांनी विचारले, “मॅडम, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे ना?”

मला राग आला नाही. विचारलेच पाहिजे. ज्याच्या वाचनावर एखाद्या मुलाचा दाखला ठरणार, त्याला विचारायलाच हवे की तू कोण. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेते, ती मी दिलेली आहे, तो कागद मी त्यांना दाखवला. पण ते गेल्यावर मनात राहिले ते वेगळेच. माझे प्रमाणपत्र एवढेच सांगते की मला वाचता येते. मी बरोबर वाचले का, हे सांगायला तो मूळ कागदच लागतो. म्हणून मी त्यांना लिहून देताना प्रत्येक ओळीसमोर मूळ ओळीचा क्रमांक घातला आणि जिथे अक्षर लागले नाही तिथे टिंबे ठेवली. ती टिंबे लिहिताना जेवढी मी जबाबदार असते तेवढी शब्द लिहिताना नसते.

आपल्याकडच्या जुन्या पंडितांना पदवी विचारत बसलो असतो तर निम्मे दारातून परत गेले असते. राजवाडे बी. ए. होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे ठाण्याचे, मिठागरांच्या धंद्यातले. या भाव्यांनीच संताजी तेली जगनाड्यांच्या वह्या शोधून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला. त्या नावातला ‘अस्सल’ शब्द केवढा धीट आहे! त्याआधी १८६९ ते १८७३ या काळात सरकारने चोवीस हजार रुपये देऊन शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली तयार करवलेला गाथा होता, त्यात साडेचार हजारांवर अभंग. भाव्यांनी मुकाट्याने वेगळी वाट धरली: तुकोबांच्या टाळकऱ्याच्या वहीत आहे तेवढेच, जसे आहे तसे. वह्या कुठून आल्या तेही सांगितले. पटले नाही तर वही बघा.

आणि वा. सी. बेंद्रे. एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून महाराष्ट्रात घरोघरी भिंतीवर होते. लोक त्याला हार घालत. बेंद्र्यांनी त्या चित्राचा माग काढला, ते कुणाचे ते दाखवले आणि महाराजांचे खरे चित्र पुढे ठेवले. त्या खोट्या चित्राला वाहिलेली फुले खोटी होती का? हा प्रश्न मला आमच्या दसऱ्यामुळे पडतो. बेंद्र्यांनी तो विचारला नाही. १९२८ मध्ये त्यांनी ‘साधन-चिकित्सा’ नावाचे पुस्तकच लिहून ठेवले होते, साधन कसे पारखावे यावर.

पारख म्हटली की नाकारणे आलेच असे लोकांना वाटते. तसे नाही. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली छापली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ती नोंदवही. तिच्यात शिवरायांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. लोक १६२७ साल मानत आलेले. एका देशमुखाच्या घरच्या टिपणावर ते कसे सोडायचे? मग कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हाती आले, त्यात तीच तिथी. पुढे राजस्थानात, जोधपूरकडच्या एका कुंडलीसंग्रहात शिवरायांची कुंडली निघाली, तीही त्याच दिवसाची. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि मारवाडचा जोशी. तिघे तीन वेगळ्या जागचे, म्हणून तर तिघांची साक्ष जड. २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

मला असा एक परका साक्षीदार हवा होता.

*

आमचे मूळ गाव सिन्नरकडचे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाववार आणि कुळवार असतात. रामकुंडावर श्राद्धाला, अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात आलेला माणूस आपले नाव, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव सांगतो किंवा स्वतः लिहितो आणि खाली सही करतो. लिहिता न येणारा निशाणी करी. महजरांतही, म्हणजे जुन्या निवाड्याच्या कागदांतही, हीच रीत होती. कुणब्याची निशाणी नांगर, व्यापाऱ्याची तराजू, कारागिराची त्याचे हत्यार, आणि बाईची बांगडी. जुन्या कागदावर एका कोपऱ्यात काढलेली ती वाटोळी बांगडी मी प्रथम पाहिली तेव्हा बोटाने तिच्यावरून फिरून आले.

पंचवटीतल्या आमच्या गुरुजींच्या घरी दुपारी गेले. पाऊस लागला होता. त्यांनी गावाचे नाव विचारले, फडताळातून लांबट वह्यांचा गठ्ठा काढला आणि पाचेक मिनिटांत पान माझ्यापुढे सरकवले. शके १७७५. आप्पांचे आजोबा आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. पाच पिढ्यांची नावे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. सनदेतल्या पूर्वजांचे नाव त्यात होते, बरोबर त्या जागी, जिथे पिढ्या मोजल्यावर यायला हवे तिथे.

“इथं खोटं कुणी लिहीत नाही, ताई,” गुरुजी म्हणाले. “हातात बापाच्या अस्थी असताना कोण लिहील?”

म्हणजे माणूस होता. वर्षासनाचा उल्लेख तिथे नव्हता, असायचे कारणही नव्हते. मी फोटो घेतला, आणि फोटो घेताना माझे लक्ष ‘र’कडे गेले. तो खाली येऊन डावीकडे एक छोटा वेढा घेत होता आणि मगच पुढच्या अक्षराला जात होता. असा ‘र’ मी कुठे पाहिला होता ते मला आठवावे लागले नाही. फोनमधला सनदेचा फोटो शेजारी उघडला. ‘र’, ‘भ’, जोडाक्षरातला ‘स’, ओळ संपताना शिरोरेषेला दिलेला तो हलकासा उतार. पाच-सहा ठिकाणी तेच. शपथेवर सांगण्याइतके हे नाही. पण माझ्यापुरते मी ओळखले की आमचा कागद कुणी लिहिला.

शके १७७५ म्हणजे १८५३. कायदा होऊन एक वर्ष झालेले. वडील नुकतेच वारलेले. गावात कमिशनची हूल. आणि हा तीस-पस्तिशीचा मनुष्य, रात्री समईच्या उजेडात, विकत आणलेला चांगला विलायती कागद पुढे घेऊन, शिरोरेषा ओढतो आहे. त्याच्या डाव्या हाताला एक विरलेला, घड्यांवर फाटलेला अस्सल कागद आहे का? की डाव्या हाताला काहीच नाही, फक्त वडिलांनी लहानपणी सांगितलेली गोष्ट आहे, आणि ती खरी असूनही कागदावर नाही म्हणून उद्या खोटी ठरणार आहे? मी त्याच्या मागे उभी राहून पाहायचा खूप प्रयत्न केला. हात ओळखू आला. हेतू दिसत नाही.

संतांच्या परंपरेत आपला अभंग मोठ्याच्या नावावर सोडून देणारे किती तरी झाले. विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या. कुणी कुठे ‘नामा’ म्हणून सही केली आणि स्वतः विरून गेला. उलट तुकोबांच्या कथेतला सालोमालो दुसऱ्याच्या अभंगावर आपले नाव घालतो. दोन्ही ठिकाणी नाव बदललेले आहे. एकाने आपले दिले, एकाने दुसऱ्याचे घेतले. आप्पांच्या आजोबांनी काय केले? चाळीस रुपये त्यांना मिळत राहिले का, तेही मला ठाऊक नाही. कमिशनच्या कागदांत शोधायला अजून जायचे आहे.

परतताना पुलावर थांबले. मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी होते.

रात्री दादाचा फोन आला. “मग खरा की खोटा, एवढंच सांग.”

मी त्याला म्हटले, कागद १८४६ नंतरचा आहे. आतला शक आणि संवत्सर जुळतो. नाव वहीत आहे. अक्षर बहुधा आप्पांच्या आजोबांचे. माथा नाही. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “दसऱ्याला ठेवायचा?”

“ठेवायचा,” मी म्हटले.

एका कोऱ्या कागदावर मी हेच पाच मुद्दे देवनागरीत लिहिले, कुठल्या प्रकाशात जलचिन्ह दिसते ते लिहिले, वहीतल्या नोंदीचा शक लिहिला, न लागलेली तीन अक्षरे टिंबांनी दाखवली आणि खाली सही करून तारीख घातली. सनदेवर ती चिठ्ठी ठेवली. आप्पांचा लाल खारव्याचा रुमाल पुराच्या पाण्याने एका कोपऱ्यात अजून तपकिरी आहे. त्यात दोन्ही कागद एकत्र गुंडाळले आणि वरून दोरा बांधला. आप्पा निरगाठ मारत, ती नखांनी सोडवावी लागे. मी सुरगाठ मारली.